फ्योर्डमधलं वल्हवणं समुद्रातलं धरायचं का?

नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये कयाक वल्हवून आलेले बरेच जण विचारतात: पाणी तळ्यासारखं शांत, दोन्ही अंगांना डोंगर, मग याला सी कयाकिंग म्हणायचं का? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: हो, म्हणायचं.

फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेला समुद्र. सोग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरहून लांब आणि १,३०० मीटर खोल आहे. त्याचाच फाटा असलेला नॅरॉयफ्योर्ड सर्वांत अरुंद जागी जेमतेम २५० मीटर रुंद. आतल्या टोकाला पाणी मचूळ लागतं, म्हणून तळ्याचा भास होतो. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्यावर थर धरून राहतं, एवढंच. भरती-ओहोटी तिथेही आहे. रात्री कयाक शेवाळाच्या रेषेच्या वर चढवून बांधली नाही, तर सकाळी ती जागेवर सापडत नाही.

खरी अडचण काठाची. कडे थेट पाण्यात उतरतात. काठ वीस हातांवर असूनही पाय टेकायला जागा नसते. कड्यावर आपटून परतणाऱ्या लाटा नव्या लाटांना भिडतात आणि पाणी जागच्या जागी उसळतं. म्हणून जहाज गेलं की कड्याला बिलगू नका. थोडं बाहेर सरका, कयाकचं नाक लाटेकडे करा.

उन्हाच्या दिवशी पहाटे मतलई वारे बाहेर वाहतात, दुपारी खारे वारे आत येतात, आणि दरीत कोंडल्यामुळे दोन्ही जोर धरतात. आतल्या टोकाहून निघणार असाल तर सकाळी बाहेर जा, दुपारी वारा पाठीशी घेऊन परता. मात्र मागून येणाऱ्या लाटा कयाकचं शेपूट ढकलून तिला लाटांना आडवी फिरवतात. तेव्हा स्केग, म्हणजे शेपटाखालचं दिशा धरून ठेवणारं पातं, खाली सोडा.

सर्वांत घातक म्हणजे थंडी. वसंतात पाणी १० अंशांच्याही खाली असतं. पडल्यावर पहिलं मिनिट श्वास आवरण्यात जातं, आणि साधारण १० मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. लाइफ जॅकेटच्या आत ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा पोशाख, हवाच. नवखे नेहमी करतात ती चूक स्प्रेस्कर्टची, म्हणजे कंबरेभोवती घालून कयाकची बसायची जागा झाकणाऱ्या पडद्याची: तो ओढून सोडवायची पुढची पट्टी आत दुमडली जाते. उलटल्यावर ती सापडत नाही. निघण्याआधी हात लावून बघा.

फ्योर्ड एक गोष्ट मात्र शिकवत नाही: खुल्या समुद्राचा फुगारा, म्हणजे दुरून येणाऱ्या लांबलचक लाटा. मुखाबाहेर बुडालेल्या खडकावर पाणी कित्येक मिनिटं गुळगुळीत दिसतं, मग एकाएकी मोठी लाट तिथेच फुटते. तिथे जायचं तर जाणकाराच्या सोबतीनेच जा.