शेवटच्या भागात दार बंद होतं

या डिसेंबरात गिरगावात आले तेव्हा बॅगेत आयर्लंडमधल्या लिमरिकच्या वाचनालयाचं एक जाडजूड पुस्तक होतं. आजच्या शहरात लपून राहणाऱ्या ‘फे’ लोकांवरच्या तीन कादंबऱ्यांपैकी शेवटची. पहिल्या दोन मी जागरणं करून संपवल्या होत्या, तिसरीसाठी पाच महिने नंबर लावून बसले होते. नाव सांगत नाही, कारण शेवट सांगणार आहे.

“कसलं गं पुस्तक?” आईने विचारलं.

पऱ्यांचं म्हटलं असतं तर तिच्या डोळ्यांसमोर पंख आणि जादूची कांडी आली असती. म्हणून नीट सांगितलं. हे लोक टेकाडाखाली, पाण्यापाशी, जुन्या झाडाशी राहतात. त्यांच्याकडचं खाल्लं की माणूस परत येत नाही. लोखंडाला भितात. त्यांचं नाव घ्यायचं नाही, ‘चांगली माणसं’ म्हणायचं, जसं आपण रात्री सापाला लांबडं म्हणतो.

आई मटार सोलत होती. “म्हणजे आसरा, पाण्यातल्या,” ती म्हणाली. “तू झालीस तेव्हा आजीने तुझ्या उशाखाली अडकित्ता ठेवला होता.”

आयर्लंडमध्ये पाळण्यावर चुलीचा लोखंडी चिमटा आडवा ठेवत, बाळ उचलून नेऊन बदली पोर ठेवू नये म्हणून. आपल्या चकव्यासारखं तिथेही ओळखीच्या शेतात माणसाची वाट हरवते; उपाय काय, तर अंगातला कोट उलटा करून घालायचा. दहा वर्षं तिथे राहून हे सगळं मी पुस्तकांतून गोळा केलं, आणि आईला ते मटार सोलता सोलता ठाऊक होतं.

आता जे मनात सलतंय ते लिहिते. ऑफिसात जेवताना एका सहकाऱ्याने मला हसत विचारलं होतं, दाराला लिंबू-मिरची बांधतात ते तुम्ही खरंच मानता का? मी गप्प बसले. बसायला नको होतं. लिमरिकहून एनिसला जाताना लाटून नावाच्या जागी रस्त्याकडेला हॉथॉर्नचं एक काटेरी झुडूप आहे. १९९९ साली नवा रस्ता नेमका त्याच्यावरून जाणार होता. एडी लेनिहान हे लोककथा सांगणारे गृहस्थ उभे राहिले, वर्तमानपत्रांत लिहिलं, की हे चांगल्या माणसांचं झाड आहे, तोडाल तर रस्त्यावर अपघात होतील. झाड वाचलं. त्याला कुंपण घालून रस्ता शेजारून नेला. २००२ मध्ये कुणीतरी करवतीने त्याच्या फांद्या छाटल्या, तरी ते पुन्हा फुटलं. मी तिथून जाते तेव्हा गाडीचा वेग आपोआप कमी होतो. त्यांच्या झुडपाला लोकवारसा म्हणायचं आणि आमच्या लिंबाला अडाणीपणा, हे मला मान्य नाही.

बाबांना मात्र यातलं काहीच पटत नाही. ते अंनिसचे जुने कार्यकर्ते. त्यांना मी टिपरेरीच्या ब्रिजेट क्लिअरीची हकिगत सांगितली. १८९५ साली तिच्या नवऱ्याने, ही माझी बायको नव्हे, ‘चांगल्या माणसांनी’ ठेवलेली बदली आहे, असं म्हणत तिला जाळलं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणून कायदा लागतो.” २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यावा म्हणून ते किती मोर्च्यांत चालले, मला माहीत आहे. त्यांचं खरंच आहे. पण बाई जाळणं आणि विहिरीवर दिवा लावणं एक नव्हे, हे त्यांना मी पहिल्यांदाच तोंडावर सांगितलं.

आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात विहीर आहे. वर लोखंडी जाळी, कडेला शेवाळ, आणि दर अवसेला आईचा दिवा. मुंबईत मलेरियाचे डास विहिरींत वाढतात म्हणून शंभरेक वर्षांपूर्वी विहिरी झाकायची, बुजवायची मोहीम निघाली. रुस्तम मसानी यांनी १९१८ च्या आपल्या पुस्तकात, विहिरी बुजवायला लोक का घाबरत, आत कोण राहतं असं सांगत, ते सगळं नोंदवून ठेवलंय. आमची कशी वाचली कोण जाणे.

तर कादंबरीचा शेवट. नायिका शहर वाचवण्यासाठी दोन जगांमधलं दार कायमचं बंद करते. वाचताना माझे डोळे भरून आले होते, मला तो शेवट थोर वाटला होता. आईला सांगितला. अवस होती, तिच्या हातात तेलाची वाटी होती.

“बंदच केलं? मग पलीकडच्यांनी जायचं कुठे?”

मला उत्तर सुचेना. पुस्तक उघडून ते पान पुन्हा वाचलं. दाराच्या पलीकडे काय होतं, यावर लेखिकेने एक ओळही लिहिलेली नाही. तीन भाग ज्यांच्यावर बेतले त्यांच्यावर एक ओळही नाही!

दुसऱ्या दिवशी बाबांनी पुनर्विकासाचा नकाशा दाखवला. विहिरीच्या जागी पार्किंग. दहा वर्षं बाहेर राहणाऱ्यांनी यात बोलू नये, असं काहींचं म्हणणं असेल. पण खोलीवर आईबाबांबरोबर माझंही नाव आहे, आणि मी गेले ती काही दार लावून गेले नव्हते. निघायच्या आदल्या रात्री कमिटीला पत्र लिहिलं: दोन गाड्या कमी लागल्या तरी चालेल, विहीर ठेवा. लाटूनच्या झुडपाचा फोटो जोडला. आईने सही केली. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, ‘आसरा’ हा शब्द खोडून ‘जुना जलस्रोत’ लिहिलं आणि खाली आपली सही केली.