आमची वाटचाल: धुराशी झटापट

आमच्या लाँड्रीच्या दुकानात गाडगेबाबांच्या तसबिरीखाली वडिलांची पितळी इस्त्री ठेवलीय, कोळशाची. उचलून बघा, मनगट बोलतं. कपड्यांतला धुराचा वास काढायच्या कामाकडे आम्ही वळलो ते हिच्यामुळेच. कोल्हापुरातल्याच एक शिक्षिका सोमवारी खळ घातलेली साडी न्यायच्या आणि बुधवारी परत आणायच्या. "अहो, साडीला धुराचा वास येतो." वडील चिडायचे. मी साडी नाकाला लावली, बाईंचं खरं होतं. १९९६ साली विजेची इस्त्री घेतली. वडील महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. बाई मात्र आजतागायत आमच्याच आहेत.

पुढे त्यांच्याच घरी समईने पडदा पेटला. घर वाचलं, पण कपाटातली प्रत्येक वस्तू धुरकटली. पंधरा दिवस आम्ही त्यावर होतो. गोधड्या आधी कोरड्याच झटकल्या, व्हॅक्यूमच्या नळीने काजळी ओढली. काजळीला पाणी लागलं की ती धाग्यात बसते, हे आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको. मग सुतीला सोडा आणि कोमट पाणी. रेशमाला आणि लोकरीला सोडा दाखवायचासुद्धा नाही, ती ड्रायक्लीनिंगला.

मधली वर्षं बरी गेली. २०११ साली एका लॉजच्या स्वयंपाकघरात आग लागली आणि एकशे वीस चादरी आमच्याकडे आल्या. काम मोठं, घाई त्याहून मोठी. धुतल्या आणि ओलसर असतानाच इस्त्रीच्या तापत्या रोलरवर घातल्या. दुकानात वास नव्हता. लॉजवर गिऱ्हाइकांच्या अंगाखाली चादरी तापल्या आणि धूर पुन्हा वर आला! इस्त्रीच्या उष्णतेने डांबरट अंश पक्का बसला होता. चूक माझी. कंत्राट गेलं, रोलरच्या कर्जाचे हप्ते मात्र राहिले, आणि बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

त्याच वर्षी रस्त्याच्या वरच्या अंगाला एकाने दुकान टाकलं. 'आगीचा वास २४ तासांत गायब' अशी पाटी. लॉज त्याच्याकडे गेलं. तो करतो काय? अत्तरासारखा फवारा मारतो, आणि ओझोन वायू सोडणाऱ्या पेटीत सगळं एकत्र कोंबतो. ओझोन वास घालवतो, खोटं कशाला बोलू, पेटी आमच्याकडेही आहे. पण रबर कुजवतो. चादरीच्या कडेचं इलास्टिक किती दिवस टिकणार? आणि पेटी चालू असताना खोलीत माणूस नको, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

आता तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. घरी वास गेला की नाही ते बघायचं असेल, तर वाळलेला कपडा रात्रभर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. सकाळी पिशवी उघडताच पहिला श्वास घ्या, दुसरा नाही; नाक लगेच सरावतं. वास आला तर परत धुवा, इस्त्री लावू नका. सुगंधी पाणी तर मुळीच नको, धूर आणि मोगरा मिळून जे होतं त्याला काही नाव नाही.

आमच्या काउंटरवर अशा पिशव्या रोज सकाळी बाई उघडतात. हो, त्याच बाई, निवृत्त झाल्यापासून. पगार घेत नाहीत, चहा घेतात.

त्या वरच्या दुकानाचा पोरगा महिन्यातून दोनदा मागच्या दाराने बोचकं घेऊन येतो. बिलावर नाव टाकायचं नसतं. मी रोखीनेच घेतो, आगाऊ.