कोऱ्या रचनेची तालीम

बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये काही गुरुवारी सकाळी तिकीट काढून ऑर्केस्ट्राची तालीम ऐकता येते, तीही मैफलीपेक्षा बरीच स्वस्तात. हॉल १९०० सालचा. आवाज कसा घुमेल याचं गणित वॉलेस सबाइन या हार्वर्डच्या भौतिकशास्त्रज्ञानं मांडलं आणि त्यानुसार तो बांधला. मला पाश्चात्त्य संगीतातलं फारसं कळत नाही, तरी मी मैफलीपेक्षा तालमीलाच जातो.

मागच्या खेपेला एक कोरी करकरीत रचना होती. ओबो या सनईसारख्या वाद्याच्या सुराला सगळ्यांनी वाद्यं मिळवली आणि सुरुवात झाली. व्हायोलिनवाले एका स्टँडवर दोघं-दोघं. कंडक्टर थांबला की आतल्या, म्हणजे प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूचा पेन्सिलनं खूण करणार, पानही त्यानंच उलटायचं. तालवाद्यांवरच्या मुलीनं व्हायब्राफोनच्या, म्हणजे टोले मारून वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याच्या, पट्टीच्या कडेवर चक्क डबल बास या भल्यामोठ्या तंतुवाद्याचा गज ओढला. टोला न मारता एवढा लांब सूर निघतो, हे मला नवीनच!

मधेच ट्रॉम्बोन या दणदणीत पितळी वाद्यांखाली बासरी पार बुडाली. खुर्च्यांमध्ये भलीमोठी स्वरलिपी उघडून बसलेल्या संगीतकार बाई उठून रंगमंचापाशी गेल्या. काहीतरी कुजबुज झाली. ट्रॉम्बोनांना हळू, बासरीला एक सप्तक वर. तोच तुकडा तीनदा वाजला आणि तिसऱ्यांदा बासरी अशी वर आली की मी पुढे सरकून बसलो. शेवट मात्र उगाच ताणलाय, असं माझं मत.

परवा सोलापुरात हे शेजारच्या काकांना सांगत होतो. ते भजनी मंडळात तबला वाजवतात. त्यांचा पहिला प्रश्न, "किती महिने बसवलं?"

"महिने कुठले? त्याच आठवड्यात तीन-चार तालमी, की लगेच मैफल."

"काय सांगलालास बे! मग त्या बाईनं आधी ऐकलंच नव्हतं?"

ऐकलं असेल, कॉम्प्युटरवर. पण तिथली बासरी कधी बुडत नाही. खऱ्या ट्रॉम्बोनांपुढे तिचं काय होतं, हे बाईंना आणि आम्हाला एकाच वेळी कळलं. म्हणून तर मला नव्या रचनेची तालीम आवडते.

मी म्हटलं, "आपल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात अशी तालीम ठेवली, तर मी तिकीट काढून येईन."

"आमची मंडळातली तालीम फुकट असते," काका म्हणाले, "तिला कधी आलास?"