हॅमॉकमधली झोप

काल भंडारदऱ्याला जलाशयाच्या काठी जांभळाच्या दोन झाडांमध्ये हॅमॉक, म्हणजे टांगायची कापडी झोळी, बांधून झोपले. इतकी गाढ झोप लागली की काय सांगू! सगळी गंमत झोपण्याच्या पद्धतीत आहे. कापड ताठ ताणायचं नाही, दोरी आडव्या रेषेपासून साधारण 30 अंशांनी खाली उतरेल इतकी सैल ठेवायची. आणि मधोमध सरळ न पडता तिरकं झोपायचं, डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या. कापड पाठीखाली सपाट होतं, गुडघ्यांवर ताण येत नाही, कुशीवरही वळता येतं.

थंडी मात्र खालून लागते. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबली की तिच्यातली हवा जाते, मग ऊब कुठून राहणार? मी खाली फोमची मॅट घातली होती. पहाटे पाण्यावरून गार वारा सुटला, पण पाठ छान उबदार राहिली.

एक कळकळीची विनंती. झाडाला बारीक दोरी बांधू नका, साल कापली जाते. रुंद पट्टाच वापरा. आपल्या एका रात्रीसाठी झाडाला जखम कशाला?

आता आईला घेऊन जायचंय. जमिनीवर झोपलं की तिची कंबर धरते, म्हणून ती कॅम्पिंगला यायचंच टाळते.