वीणा खाली ठेवता येत नाही

गोव्यातल्या साखळी गावच्या विठ्ठलापुरातून, वाळवंटी नदीकाठच्या विठ्ठलमंदिरासमोरून, १ जुलै २०२४ रोजी आमची दिंडी पंढरपुरास निघाली, तेव्हा वडिलांनी घातलेली गळ्यातली तुळशीची माळ मला पहिल्यांदाच परकी वाटत होती. त्याच वर्षी फाल्गुनात माझे थोरले बंधू गेले. त्यांच्यासाठी मी पांडुरंगाला साकडे घातले होते, उपास केले होते, आणि ते गेल्यावर आपली हाक ऐकणारे तिथे कोणी आहे का, हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना. अशा मनाने वारीत चालणे ही इतरांच्या भक्तीची विटंबना ठरेल, अशी भीतीही होती. तरी नेम मोडवला नाही.

दुसऱ्या दिवशी केरी मागे टाकून आम्ही चोर्ला घाट चढू लागलो. धुके इतके दाट होते की पुढच्या पताका दिसत नव्हत्या, टाळ तेवढे ऐकू येत होते. आमच्या वृद्ध विणेकऱ्यांचा गुडघा धरला. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘‘माउली, वीणा घ्या.’’ दिंडीतली वीणा खाली ठेवायची नसते. ती एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मी हळूच म्हणालो, ‘‘काका, माझा विश्वास डळमळला आहे. दुसऱ्या कोणाला द्या.’’ त्यांनी वाद घातला नाही. ‘‘माळ उतरवली नाहीत ना? मग घ्या,’’ एवढेच बोलून, वयाने इतके मोठे असूनही, रीतीप्रमाणे ते माझ्या पाया पडले. मी त्यांच्या पाया पडलो.

कणकुंबीपर्यंत, जिथे मलप्रभा उगम पावते, वीणा माझ्याकडे होती. दोनदा कंठ दाटून नामस्मरण थांबले आणि दोन्ही वेळा मागचे टाळ मंदावले, तेव्हा केवळ त्यांच्यासाठी मी पुन्हा ‘रामकृष्णहरी’ म्हणू लागलो. त्याच नामाच्या तालावर मी विठ्ठलाशी मनसोक्त भांडलो. इतके उघडपणे मी त्याच्याशी सुखाच्या दिवसांतही कधी बोललो नव्हतो.

एकादशीला, १७ जुलै रोजी, तासन्‌तास रांगेत उभे राहून गाभाऱ्यात पोहोचलो. त्याआधी नामदेव पायरीशी वाकताना, संतांच्या पायधुळीची आस धरणाऱ्या नामदेवांपुढे माझ्या तक्रारीची मला लाज वाटली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. शंका पुरती सरली नव्हती. तिच्यासकट विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवले, भावाचे नाव घेतले आणि मागच्या माउलींना वाट करून दिली.