निवृत्त बाईंचा शाळाबाह्य नातू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, आणि माझा नातू शाळेत जात नाही. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे काय, हॉस्टेलला ठेवलाय का?" नाही. घरी आहे. साताऱ्यात, माझ्याच घरात, आई-बाप आणि आजी यांच्या पहाऱ्यात. चौथीनंतर त्याने शाळेची पायरी चढलेली नाही आणि आता तो चौदा वर्षांचा झाला.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगते, कारण त्यात विशेष काही नाही. २०२०च्या टाळेबंदीत मुलगी-जावई पुण्याहून इथे आले. नातवाची शाळा मोबाइलवर भरायची. शाळा परत उघडल्या तोपर्यंत त्यांचं साताऱ्यातच राहायचं ठरलं होतं. इथे नाव घालायचं म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आणला आणि तो फायलीतच राहिला. "आई, एक वर्ष बघू," असं जावई म्हणाले. मी कडाडून विरोध केला. तो विरोध अजून पुरता मावळलेला नाही हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला होमस्कूलिंगची प्रचारक समजेल.

विरोध का, तर माझं आयुष्य पोरं शाळेत आणण्यात गेलं. नोकरी जावळी आणि कोरेगाव तालुक्यांत झाली. जून उजाडला की पटनोंदणीला घरोघरी हिंडायचं. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, मुलगा गुरांमागे जातो, ही उत्तरं आम्हाला पाठ असायची आणि त्यावरची आमची उत्तरं त्यांना. ४ जुलै २०१५ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलं मोजली. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची होती. मीही शाई घेऊन हिंडले. पण जुलैत उसाची तोड नसते. ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, आमच्याकडे दिवाळीच्या आसपास पडतात. म्हणजे आमच्या भागात जी मुलं खरोखर शाळेबाहेर असतात ती त्या दिवशी आमच्या हद्दीत नव्हतीच. हे सगळ्या शिक्षकांना माहीत होतं. विचारलं कुणीच नाही.

निवृत्तीनंतर असंच एक सर्वेक्षण आमच्या दारात आलं. तरुण शिक्षिका होती, माझं नाव ऐकून होती. नातू समोरच बसलेला. तिच्याजवळच्या कागदात मूल शाळेत का नाही याची नेहमीची कारणं होती, गरिबी, स्थलांतर, घरकाम अशी. ‘आई-वडिलांची मर्जी’ हे कारण त्यात कुठून असणार? "बाई, मी काय लिहू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "इतर लिही आणि चहा घे."

कायद्याचं विचाराल तर शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे, सहा ते चौदा वयासाठी. त्याच्या कलम १०मध्ये मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. नाही घातलं तर काय शिक्षा, याबद्दल कायदा गप्प आहे. त्या मोकळ्या जागेत आपल्याकडची घरी शिकणारी मुलं राहतात. जावई याला स्वातंत्र्य म्हणतात. मला तिथे जरा गारठा वाटतो.

आता मुद्द्याचं. नातू दुपारी एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसतो. शेतीच्या पंपाच्या मोटारी जळतात, त्या तिथे नव्याने भरून मिळतात. विजेच्या तीन फेजांपैकी एक गेला आणि मोटार चालूच राहिली की जळालीच म्हणून समजा, आणि आपल्याकडे फेज जायला फारसं निमित्त लागत नाही. दुकानात जळक्या कॉइल कापून काढतात, वेढे मोजून वहीत लिहितात, तारेचा नंबर बघतात, खाचांत कागद घालून नवी कॉइल बसवतात, दोऱ्याने बांधतात, वॉर्निश करून वाळवतात. नातवाला प्रथम नुसते वेढे मोजायला दिले होते. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. घरी पाढे म्हणताना टाळाटाळ करणारा मुलगा तिथे वेढे मोजत तासभर मान वर करत नाही.

तांब्याची तार नंबरवर मिळते, नंबर वाढेल तशी बारीक. हवी ती तार शिल्लक नसली की दोन बारीक तारा जोडीने घालतात. दुकानातला हिशेब असा, की तीन नंबर पुढची तार दुहेरी घ्यायची. वीस नंबर नसेल तर तेवीसच्या दोन. नातवाने एका रात्री जेवताना विचारलं, "आजी, दोन बारीक तारा मिळून एक जाड कशी होईल?" आम्ही तक्ता काढला. वीस नंबरची तार ३६ हजारांश इंच जाड, तेवीसची २४. जाडीची बेरीज करून चालत नाही, छेदाचं क्षेत्रफळ बघायला हवं, म्हणजे वर्ग करावा लागतो. ३६चा वर्ग १२९६. २४चा वर्ग ५७६, त्याची दुप्पट ११५२. म्हणजे तांबं अकरा टक्के कमी पडलं आणि मोटार त्यामुळे जास्त तापणार. मग त्याने वेगवेगळ्या जोड्या लावून पाहिल्या. बावीसची एक (२८ हजारांश, वर्ग ७८४) आणि चोवीसची एक (२२ हजारांश, वर्ग ४८४), बेरीज १२६८. जवळजवळ बरोबर! दुसऱ्या दिवशी हा शोध घेऊन तो दुकानात पळाला. मालक म्हणाला, "होय की. पण दोन नंबर एकत्र ओढताना बारीक तार तुटते, म्हणून आपण ते करत नाही."

चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्तीसाठी मी पोरांकडून वर्ग आणि वर्गमुळं घोकून घेतली. माझ्या मुलांचे निकाल चांगले लागत, त्याचा मला अभिमान आहे. पण वर्ग कशासाठी करायचा हे मी कधी असं जळक्या कॉइलच्या ढिगाशेजारी बसून शिकवलं नव्हतं, आणि सत्तावन्न पोरांच्या वर्गात ते शिकवताही आलं नसतं.

इथपर्यंत ऐकलं की जावयांचे पुण्यातले मित्र खूश होतात. अनुभवातून शिक्षण, हाताने शिक्षण वगैरे. पुढचं ऐका. त्या दुकानाचा मालक माझा जुना विद्यार्थी. सातवी अर्ध्यावर सोडून याच धंद्यात हेल्पर म्हणून लागला होता. त्याला परत आणायला मी त्याच्या घरी गेले होते, बापाशी भांडले होते, तो काही आला नाही. नातवाला त्याच्याकडे नेलं तेव्हा तो नुसता बघत राहिला. म्हणाला, "बाई, मला इथनं उठवायला आला होता तुम्ही. आता नातवाला इथं बसवताय?"

मी काय बोलणार? तेच स्टूल, तसंच वॉर्निश, वयही साधारण तेच. पण त्या पोराला आम्ही गळती म्हणायचो, आणि माझ्या नातवाला होमस्कूलर. फरक आहे आणि तो मोठा आहे. माझा नातू कंटाळला की घरी येतो. त्याला तिथे पगार नाही, आणि तो नसावा हेच बरोबर, कारण चौदाच्या आतलं मूल कामाला ठेवणं गुन्हा आहे आणि मी तो गुन्हा नोंदवायला भाग पाडणाऱ्यांपैकी होते. त्याने उद्या दुकानात जायचं सोडलं तर घरातली चूल थांबत नाही. घरी गणित समजावणारी आजी आहे, इंग्रजी बोलणारी आई आहे, बापाच्या लॅपटॉपवर जगभरचे व्हिडिओ आहेत. त्या मालकाची स्वतःची दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात आहेत आणि संध्याकाळी क्लासला जातात. दुकानात त्यांना तो पाऊल ठेवू देत नाही. त्याला शहाणपण शिकवायची माझी तरी हिंमत नाही.

म्हणून मला वाटतं, ज्यांच्या घरात शाळेने आपलं काम आधीच्या पिढ्यांत करून ठेवलंय त्यांनाच शाळा सोडणं परवडतं. माझ्या आईला सही येत नव्हती. मी रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही संस्था १९१९मध्ये काढली, आणि बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं, हे साताऱ्यात पोरासोरांना ठाऊक असतं. त्या शाळेमुळे मी मास्तरीण झाले, माझी मुलगी इंजिनीअर झाली, आणि आता तिच्या मुलाला शाळेची गरज नाही असं ती म्हणू शकते. म्हणू दे. फक्त शाळा हा तुरुंग आहे असं माझ्यासमोर म्हणू नये. जावई एकदा म्हणाले होते. त्या आठवड्यात आमच्याकडे स्वयंपाकघर जरा शांत होतं.

घरी शिकणं आपल्याकडे नवं आहे असंही नाही. सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकवलं, आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी, पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईने. तेव्हा बाईमाणसासाठी घराशिवाय शिकायची जागा जवळजवळ नव्हतीच. आणि घरी शिकून सावित्रीबाईंनी केलं काय? १८४८ला पुण्यात मुलींची शाळा चालवायला घेतली. हे उदाहरण देताना लोक पहिला भाग सांगतात आणि दुसरा गाळतात.

नातेवाईक दुसरं एक नाव हमखास घेतात, मुंबईच्या मालविका जोशीचं. सातवीनंतर आईने शाळेतून काढलं, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली, बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीची वाट बंद, आणि २०१६मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने घेतलं. मुलगी खरोखर अफाट. पण तिच्यावरून माझ्या नातवाचं काय ठरवायचं? त्याला एमआयटीला जायचं नाहीये. त्याला कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय. म्हणजे दहावीचा कागद लागणारच.

त्याआधी घरी शिकण्यातले खड्डे सांगते, कारण समाजमाध्यमांवर फक्त चिखलात खेळणाऱ्या हसऱ्या मुलांचे फोटो दिसतात. बोनाफाईड नाही, त्यामुळे एसटीचा विद्यार्थी पास नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत नाव शाळेतर्फेच जातं, त्यामुळे हा कबड्डी चांगली खेळतो पण तालुक्याला उतरू शकत नाही. संध्याकाळी मैदानावर लवकर पोचतो आणि सोबती क्लास सुटेपर्यंत एकटाच चकरा मारतो. मुलीने नोकरी अर्धवेळ केली, पगार निम्मा झाला, आणि ही किंमत आईनेच का मोजायची हे कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मी जावयांना तोंडावर सांगितलंय. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे, आवडीचंच शिकायची सवय लागलेल्या मुलाला नावडतं शिकवणं महाकठीण. विजेबद्दल तो तासभर बोलेल. पेशवाई कधी बुडाली विचारा, छताकडे बघतो. वर्गात चाळीस जणांबरोबर कंटाळत का होईना, ते कानावरून जातं. घरी कंटाळा आला की पुस्तक मिटतं.

तर दहावी. आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं. तो मला ओळखीचा, गावाकडे लग्न होऊन गेलेल्या कितीतरी मुलींचे मी स्वतः भरून दिलेत. दुसरी एनआयओएस, केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय. १९८९पासून आहे. दहावीला वय चौदा पूर्ण लागतं. पाच विषय, त्यात निदान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि नोंदणी पाच वर्षं चालते. एकेक विषय करत सोडवला तरी चालतो. शिवाय घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना वीस टक्के वजन. सगळे एनआयओएस म्हणाले, मी सतरा नंबर म्हणाले, आणि नातवाने विषयांची यादी वाचून निकाल लावला, कारण मुक्त विद्यालयात डेटा एन्ट्रीचा विषय घेता येतो आणि सामाजिक शास्त्रं टाळता येतात. पेशवाई पुन्हा सुटली.

विषय ठरलेत ते मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि डेटा एन्ट्री. एप्रिलला गणित, विज्ञान आणि डेटा एन्ट्री, ऑक्टोबरला दोन्ही भाषा. सध्या स्वाध्याय चालू आहेत. गणिताचे त्याने एका बैठकीत संपवले. मराठी माझ्याकडे आहे. ‘माझा आवडता छंद’ यावर त्याने मोटार भरण्याबद्दल दीड पान लिहिलंय, मजकूर उत्तम आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. परत लिहायला सांगितलंय. तो म्हणतो, ऑक्टोबरला अजून वेळ आहे.