तुम्ही विचारलंत म्हणून: लेबर रूममध्ये माणुसकी शिकवता येते का?

पालक विचारतात, नव्याने रुजू झालेले शिक्षक विचारतात, आणि मी मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विभागात शिकवते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच, "मॅडम, डॉक्टरांना माणुसकी शिकवता येते का हो? ती मुळातच असावी लागते ना?" या प्रश्नामागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं. बहिणीच्या बाळंतपणात तिला कुणी टाकून बोललेलं असतं, आईचा रिपोर्ट कुणी मान वर न करता वाचून दाखवलेला असतो. म्हणून मी या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देत नाही. इथेही देणार नाही.

शिकवता येते. पण आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, की मुलं आमच्याकडे येतात तेव्हा कोरडी नसतात. पहिल्या वर्षी देहदान केलेल्या माणसासमोर शपथ घेताना त्यांचे आवाज कापतात. वॉर्डात पहिल्यांदा आली की ती नातेवाइकांना एक्स-रेची खोली दाखवायला स्वतः चालत जातात. हिस्टरी, म्हणजे पेशंटच्या आजाराची हकिकत, घ्यायला सांगितली तर आजीच्या नातवंडांची नावंसुद्धा लिहून आणतात, आणि मग कुणीतरी वरिष्ठ म्हणतो, "एवढं पुराण नको, कामाचं तेवढं सांग." फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांच्या एम्पथीचं, म्हणजे दुसऱ्याचं दुःख समजून घेण्याच्या वृत्तीचं, मोजमाप वर्षानुवर्ष केलं गेलं. 2009 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. पहिली दोन वर्षं ती टिकून राहते आणि तिसऱ्या वर्षी घसरते. तिथे तिसरं वर्ष म्हणजे वॉर्डात उतरण्याचं वर्ष. मुलं पेशंटच्या सगळ्यात जवळ जातात त्याच वर्षी हे होतं. मला याचं नवल वाटलं नाही, कारण वॉर्डात मुलं पुस्तकापेक्षा आमच्याकडे बघून जास्त शिकतात.

काय बघतात तेही सांगते, कारण बाहेरच्यांना लेबर रूम आतून ठाऊक नसते. रात्रीचा सुमार, सगळी टेबलं भरलेली, दोन बायका गादीवर वाट बघताहेत. एक पहिलटकरीण दुपारपासून कळा देतेय. तिची आई दाराबाहेर, कारण आत नातेवाईक नकोत. मुलगी ओरडते. मग कुणीतरी म्हणतं, "तेव्हा नाही ओरडलीस?" मांडीवर एक चापट बसते. सरकारी दवाखान्यांत काम केलेल्या माझ्या बहुतेक मैत्रिणींनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं आहे. अशा वागणुकीवर जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये स्वतंत्र निवेदन काढलं, म्हणजे हे दुखणं काही एकट्या आपल्याकडचं नाही. पण आपल्याकडे ते आहे, आणि विद्यार्थी ते बघत उभा असतो.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की असं बोलणारी बहुतेक वेळा बाईच असते. आनंदीबाई जोशींनी 1883 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मागताना लिहिलं होतं, की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे. आज आमच्या विभागात तपासणारी, टाके घालणारी, बाळ हातात घेणारी बहुधा बाईच असते. आनंदीबाईंनी मागितलं ते एवढं पदरात पडलं, तरी टेबलावरच्या बाईची लाज आणि भीती गेली नाही. तपासणारी बाई आहे एवढ्याने ते भागत नाही. त्यासाठी वेगळं शिकावं लागतं.

आम्ही ते कसं शिकवतो? नवी बॅच पोस्टिंगला आली की लेबर रूम रिकामी असताना, ज्याची तयारी असेल त्याला टेबलावर झोपायला सांगते. कपडे अंगावर, कसलीही तपासणी नाही. फक्त पाठीवर झोपायचं, पाय वरच्या आधारांवर अडकवायचे, दार उघडं ठेवायचं, आणि बाकीच्यांनी पायथ्याशी उभं राहून त्याच्याबद्दल आपसात बोलायचं, त्याच्याशी नाही. मुलगेही झोपतात. काही मिनिटांतच मुलं गप्प होतात. नंतर काय काय जाणवलं ते फळ्यावर लिहायला लावते. बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही. पंखा थेट अंगावर येतो. उठायचं तर कुणाचा तरी हात लागतो. दारातून कोण गेलं ते कळत नाही, पण कुणीतरी गेलं एवढं कळतं. एका मुलीने लिहिलं होतं, "माझे पाय माझे राहिले नाहीत." यानंतर दार लावून घ्या, पडदा ओढा, अंगावर चादर टाका, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट आतून तपासण्याची. आम्ही तिला पीव्ही म्हणतो. शिकणाऱ्याला ती यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण कळा देणाऱ्या एकाच बाईला एकामागून एक विद्यार्थी तपासत जातो आणि तिला विचारलेलंही नसतं, हा प्रकार मला शिकवण्यात बसत नाही. आमच्या युनिटमध्ये असं बोलायचं ठरलं आहे: "ताई, मी शिकणारी डॉक्टर आहे, माझं नाव अमुक. पिशवीचं तोंड किती उघडलंय ते दोन बोटं आत घालून बघायचंय. थोडं दुखेल. थांब म्हणालात की थांबेन. बघू का?" नाही म्हणाली तर विद्यार्थी बाजूला होतो. आणि 'थांब' म्हटल्यावर हात खरोखर थांबला का, हे मी स्वतः उभी राहून बघते. परीक्षेत मार्क देताना माझं लक्ष तिथेच असतं. बोलण्याचे मार्क पाठांतरानेही मिळतात. हात थांबण्याचे तसे मिळत नाहीत.

पाठांतराचं निघालंच आहे तर सांगते. 2019 च्या बॅचपासून देशभर नवा अभ्यासक्रम आला आणि त्यात एटकॉम नावाने वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे तास आले. हे फार चांगलं झालं. निदान वेळापत्रकात या विषयाला जागा मिळाली. पण काही ठिकाणी मुलांना तयार वाक्यं दिली जातात, 'मला तुमचं दुःख समजतं' हे त्यातलं लाडकं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने, जिचं तिसरं बाळ पोटातच गेलंय तिला असं म्हणू नये. त्याला ते समजत नाही, आणि हे तिला माहीत असतं. त्याने स्टूल ओढून बसावं, "काय झालं ते सांगा" म्हणावं आणि गप्प राहावं. ती रडली तर रडू द्यावं, पेनाशी चाळा करू नये. हे जमायला वेळ लागतो, पण जमतं. मी बघितलं आहे.

निवासी डॉक्टर, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेत वॉर्ड सांभाळणारे, माझ्याशी वाद घालतात आणि घालावा. एक जण म्हणाली, "मॅडम, डोकं बाहेर आलंय आणि खांदा अडकलाय, तेव्हा काय गोड बोलत बसायचं?" नाही बसायचं. त्या वेळी मोठ्याने, तुटक, हुकमी बोलायचं: "आता जोर नको. गुडघे पोटाशी घ्या." त्या आवाजाने बाई दुखावत नाही, उलट कुणीतरी वाट दाखवतंय म्हणून ती सावरते. आवाज चढवणं वेगळं आणि तिच्या संसाराची, तिच्या रात्रीची लाज काढणं वेगळं. हा फरक निवासी डॉक्टरांना अगदी नीट कळतो. बाहेर काढायची आहे ती सवय.

पण सर्वात जास्त फरक पडला तो शिकवण्यापेक्षा एका दार उघडण्याने. केंद्राच्या आरोग्य खात्याने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण आत घ्यायला मान्यता दिली, आणि 2017 च्या डिसेंबरमध्ये लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठी केंद्राचा 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यात सन्मानाने बाळंतपण हा भाग आहे. शास्त्राचं पाठबळ तर कधीचंच होतं. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात 26 अभ्यास आणि 15,000 हून अधिक बायका आहेत. कळांच्या काळात शेजारी सतत कुणी असलं तर सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ आखूड होतो, नैसर्गिक बाळंतपणाचं प्रमाण वाढतं. असा परिणाम देणारी गोळी असती तर आम्ही ती एव्हाना फार्मसीत भरून ठेवली असती.

तरी सोबतीण आत घ्यायला सगळे घाबरत होते. गर्दी होईल, जंतुसंसर्ग होईल, नातेवाईक भांडतील, व्हिडिओ काढतील. भांडणाची भीती खोटी म्हणता येत नाही. डॉक्टरांवर हात टाकणाऱ्यांसाठी महाराष्ट्राला 2010 मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो उगाच नाही. पण आत आलेली मावशी किंवा जाऊ काय करते? पाठ चोळते. चहा पाजते. 'आगं, माझ्या दोन्ही टायमाला असंच झालतं' असं म्हणते. आणि डॉक्टर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे कशी धावतेय, हेही तिला दिसतं. भांडण बंद दाराबाहेर वाढतं, कारण तिथे फक्त किंकाळी ऐकू येते आणि काय चाललंय ते कळत नाही. आमच्याकडे सोबतिणी आत यायला लागल्यापासून निवासी डॉक्टरांचे आवाजही खाली आले. घरचं माणूस शेजारी उभं असताना कुणी तसलं वाक्य बोलत नाही.

लेबर रूमइतकीच ओपीडीही या विषयाची शाळा आहे. आमच्याकडे बीडच्या बाजूच्या ऊसतोड बायका येतात. "मॅडम, अंगावरून पांढरं जातंय. पिशवीच काढून टाका." वय तिशीच्या आत-बाहेर. विद्यार्थी केसपेपरवर लक्षणं लिहितो, गोळ्या लिहितो, आठ दिवसांनी बोलावतो. मी त्याला विचारते, आठ दिवसांनी ही कुठे असेल? त्याला माहीत नसतं. मग तिलाच विचारायला लावते. ती सांगते, की नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाला दोघांची मिळून एकच जोडी, मजुरीची उचल आधीच घेतलेली, उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, संडास नाही, पाणी लांबून. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. दर महिन्याची पाळी म्हणजे दर महिन्याचा खाडा. आता ती पिशवी का काढा म्हणते, ते मुलाला दिसतं. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. यातल्या किती जणींना कुणी दहा मिनिटं बसवून विचारलं असेल, की तुला त्रास नेमका कशाचा आहे? साध्या गोळ्यांनी बरा होणारा जंतुसंसर्ग आणि ऐन तिशीत पोटाचं मोठं ऑपरेशन, यांच्यामध्ये अनेकदा एवढाच प्रश्न उभा असतो. म्हणून मी मुलांना सांगते, की पेशंटचं काम, गाव, बस आणि खाडा या गोष्टी हिस्टरीतच यायला हव्यात. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थी तिथे जाऊन राहतात. ज्यांनी माणसांची घरं बघितलेली असतात त्यांचे प्रश्नच वेगळे असतात.

आता विचारणारे सहसा विचारत नाहीत, पण मला सांगायचंच आहे असं एक. सलग तीस तास उभी असलेली, सकाळपासून न जेवलेली, सगळ्यांसमोर वरिष्ठांची बोलणी खाल्लेली मुलगी रात्री तीन वाजता पेशंटशी मऊ बोलेल, ही अपेक्षा कुणी ठेवू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये निवासी डॉक्टरांना आठवड्याला 74 तासांहून जास्त काम देऊ नये अशी शिफारस केली. 74 हेही काही थोडे नाहीत, पण आमच्या मुलींना तो आकडा ऐकून हसू येतं. राउंडवर आम्ही त्यांच्याशी जसं बोलतो तसंच त्या पेशंटशी बोलतात, कधी कधी अगदी त्याच शब्दांत. म्हणून नव्या शिक्षकांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट मागते: पेशंटसमोर निवासी डॉक्टरचा पाणउतारा करू नका. चुकलं तर ड्यूटी रूममध्ये दार लावून बोला. आणि रात्रपाळीच्या मुलीला जेवायला सोडा, टेबलं कितीही भरलेली असोत. ते अर्धा तास तुम्ही सांभाळा.

अलीकडे तरुण नवरे विचारतात, "आम्हाला का येऊ देत नाही आत?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. सरकारी सूचनांप्रमाणे सोबतीला बाई असावी, शक्यतो बाळंतपण अनुभवलेली. आडोसा पुरेसा असेल तिथे नवऱ्यालाही येता येतं. आमच्या लेबर रूममध्ये दोन टेबलांच्या मध्ये फक्त पडदा आहे. एकीचा नवरा आत आला तर दुसरीची कुचंबणा होते. 'लक्ष्य'च्या मार्गदर्शक सूचनांत कळा, बाळंतपण आणि त्यानंतरचे काही तास एकाच स्वतंत्र कक्षात व्हावेत अशी रचना दिलेली आहे. नवी इमारत होणार असल्याचं बोललं जातंय, आणि नकाशावर तसे कक्ष असावेत म्हणून आम्ही लेखी मागणी केली आहे. नगरसेवक, आमदार, वर्तमानपत्रवाले, कुणाशी तुमची ओळख असेल तर माणुसकीच्या भाषणाऐवजी या भिंतींचं बोला.